पॉलिश लावूनही अलॉय चाकं धूसर का राहतात आणि आरशासारखी कशी होतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या गाडीची 14 इंची अलॉय चाकं, गाडी रत्नागिरीत. वरचं लॅकर, म्हणजे संरक्षणाचा पारदर्शक थर, पिवळं पडून पापुद्रे सुटतायत. बाजारातली दोन-तीन मेटल पॉलिश लावून झाली. चमक येते, पण तोंड दिसेल असा आरसा होत नाही, धूसरपणा राहतोच. कोणतं पॉलिश घ्यावं, आणि हे काम घरी होईल का?

घरी होईल आणि चांगलं होईल. पण पॉलिशची निवड ही या कामातली सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात सोपी गोष्ट आहे. आरसा तयार होतो तो सँडपेपरने घासताना. पॉलिश फक्त तो उघडा करतं. घासकाम अपुरं असेल तर जगातली सगळ्यात महाग पेस्टही धूसरच राहणार.

त्याचं कारण समजून घेतलंत तर पुढचं सगळं आपोआप कळत जाईल. पृष्ठभागावर पडलेला उजेड एकाच दिशेने परत फिरला की प्रतिबिंब दिसतं. चऱ्यांमुळे तो इकडे-तिकडे विखुरला की धूसर दिसतं. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते. पी 400 नंबरच्या पेपरवरचा कण सुमारे 35 मायक्रॉनचा, पी 1000 चा 18 च्या आसपास आणि पी 2000 चा 10 मायक्रॉनचा. म्हणजे 400 ने पाडलेला चरा उजेडाच्या मानाने दरीएवढा असतो. ट्यूबमधली पेस्ट त्या दरीच्या कडा गोल करते, भिंती चकचकीत करते, पण दरी बुजवत नाही. चरा चमकतो, जात नाही. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच आहे.

आता चाकं कोणत्या प्रकारची आहेत ते आधी बघा. लॅकर सुटलेल्या जागी पांढऱ्या सुती फडक्यावर थोडी पेस्ट घेऊन घासा. फडकं लगेच काळं झालं तर ते उघडं अल्युमिनियम आहे. ते काळं म्हणजे घासून निघालेला धातूच. फडकं स्वच्छ राहिलं तर अजून वर लॅकर आहे किंवा चाक अॅनोडाइज केलेलं आहे (विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला). मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर (वीज आरपार जाते का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही टोकं हलकेच टेकवा. बीप आला तर उघडा धातू. चाकांवर क्रोम चढवलेलं असेल (जरा निळसर आरसा, आणि सुटताना धारदार टिकल्या निघतात) तर घरी हात घालू नका, तो थर उतरवणं प्लेटिंगवाल्याचं काम आहे. हल्लीच्या गाड्यांवर येणारी काळा रंग आणि चकचकीत कडा असलेली डायमंड कट चाकंही यासाठी नाहीत. त्यांच्यावर लेथच्या टूलने पाडलेल्या बारीक गोल रेषा असतात. पेपर लावला की त्या रेषा आणि मूळ डिझाइन दोन्ही जातात, आणि हाती राहतं ते अर्धवट चाक.

तुमची चाकं जवळजवळ नक्की कास्ट असतील, कारण कंपनीकडून येणारी बहुतेक अलॉय चाकं ओतीव असतात. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे ए 356, त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन असतं. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्यात नीट वाहतो, पण त्याचे कण अल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. पॉलिश करताना मऊ धातू लवकर झिजतो, कठीण कण जागेवर राहतात, त्यामुळे कास्ट चाकाच्या आरशाला किंचित करडी छटा राहते. शिवाय ओतकामात आत बारीक छिद्रं राहिलेली असतात. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, चाकांचं तसं नाही. अल्कोआ कंपनीने ट्रकसाठी पहिलं फोर्ज्ड अल्युमिनियम चाक 1948 साली केलं, आणि आज अमेरिकेतल्या हायवेवर ट्रकची जी लखलखीत चाकं दिसतात ती याच जातीची. दाबून घडवलेला घट्ट धातू, छिद्रं जवळपास नाहीत. इंटरनेटवरचे डोळे दिपवणारे फोटो बहुधा अशा चाकांचे असतात. तुमच्या चाकात तोंड नक्की दिसेल, दाढी करता येईल इतपतही होईल, पण ट्रकच्या चाकाशेजारी ठेवलं तर फरक कळेल. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस घासत बसतो आणि छिद्रं वाढवत जातो. कास्टिंगचा वरचा थर सगळ्यात घट्ट असतो. जितकं खोल जाल तितकी आतली छिद्रं उघडी पडतील. म्हणून कास्ट चाकात नियम एकच: गरजेपेक्षा एक पेपरही जास्त खरखरीत वापरायचा नाही.

काम सुरू करण्याआधी टायर उतरवून घ्या. टायरसकट करायचा मोह होतो, पण कडेचा शेवटचा अर्धा इंच नेहमी खराब राहतो आणि नजर नेमकी तिथेच जाते. वजनं, व्हॉल्व्ह काढा. चाक धुऊन उलट करा आणि मागच्या बाजूने स्पोकच्या मुळाशी, नटांच्या भोकांभोवती तडा आहे का ते उजेडात नीट बघा. तडा गेलेलं, वाकवून सरळ केलेलं किंवा वेल्डिंग केलेलं चाक मी पॉलिशला घेत नाही. ते सुंदर दिसू लागलं की माणूस त्यावर विश्वास ठेवतो, आणि ताशी 80 किलोमीटरला त्या विश्वासाचं ओझं चाकाला पेलत नाही.

लॅकर उतरवायला जेल स्वरूपातलं पेंट रिमूव्हर वापरा. जाड थर लावा, वर प्लॅस्टिकचा कागद पसरा म्हणजे ते सुकत नाही, फुगे आले की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. दोनदा-तीनदा करावं लागेल. हे अंगणात, उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये नको, त्याची वाफ घातक असते. दवाखान्यातले पातळ हातमोजे अशा रसायनापुढे टिकत नाहीत, डब्यावर सांगितलेलेच जाड हातमोजे घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. चाकांवर पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला भुकटीचा रंग) असेल तर साधं रिमूव्हर हरतं, ते काम कोटिंगवाल्याकडून रसायनात बुडवून करून घ्या. तो सँडब्लास्ट (वाळूचा जोरदार मारा) करून देतो म्हणाला तर नाही म्हणा. ब्लास्टिंगने सगळ्या पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि ते घासून काढायला पुन्हा 180 च्या पेपरपासून सुरुवात करावी लागते.

इथेच काही गोष्टी आवर्जून टाळायच्या. कॉस्टिक सोडा अल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. संडास साफ करायच्या अॅसिडने चाक पांढरंफटक पडतं आणि त्यावर डाग उमटतात. लोखंडी तारेच्या ब्रशचे कण मऊ धातूत रुततात आणि कोकणच्या हवेत महिन्याभरात तिथे तांबडे ठिपके उगवतात. नायलॉनचा किंवा पितळी तारेचा ब्रश चालेल. आणि गॅसची ज्योत लावून रंग जाळणं तर अजिबातच नको. या चाकांची ताकद ठरावीक तापमानाच्या उष्णता-प्रक्रियेने आणलेली असते, ज्योतीने ती जाते आणि वरून काहीच दिसत नाही.

आता पेपर. काळा, पाण्यात चालणारा सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर घ्या, मागे नंबराआधी ‘पी’ छापलेला असेल तो, आणि सगळे नंबर एकाच कंपनीचे घ्या म्हणजे पायऱ्या बरोबर बसतात. सुरुवात कुठून करायची हे चाक ठरवतं. एका स्पोकवर आधी 400 ने दोन मिनिटं घासून बघा. जुने डाग आणि ओरखडे जात असतील तर तिथूनच सुरू करा. नसतील तर 320, फुटपाथला घासून खरवडलेली कड असेल तर फक्त त्या जागी 220. मग 400, 600, 800, 1000, 1500, 2000. मधला एकही नंबर गाळू नका. 400 वरून थेट 1000 वर उडी मारली की वेळ वाचत नाही, दुप्पट जातो.

बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. पेपर पंधरा मिनिटं भिजवा. सपाट भागावर पेपरमागे रबरी ब्लॉक हवाच. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेषेत खोलगट पट्टे पडतात, ते पेपर चालू असताना दिसत नाहीत, आरसा झाल्यावर मात्र त्यात प्रतिबिंब लाटांसारखं हलतं. गोलाईसाठी बागेच्या पाइपचा वीतभर तुकडा कापून त्याभोवती पेपर गुंडाळा, स्पोकच्या आतल्या वळणात तो बरोबर बसतो. दाब हलका. पेपर धारदार असतो तोवर तो कापतो, बोथट झाला की नुसता घसरतो, आणि हाताला तो फरक लगेच कळतो. सुरुवातीला किंचित चावल्यासारखा लागणारा पेपर गुळगुळीत सरकू लागला की तो फेकून नवीन घ्या. पेपरवर कंजुषी करणाऱ्याचं चाक मी लांबून ओळखतो.

दिशा बदलणं हा या सगळ्याचा प्राण आहे. 400 ने स्पोकच्या लांबीत घासलंत तर 600 ने आडवं घासा, 800 ने पुन्हा उभं. आडव्या चऱ्यांमधून एखादा उभा चरा दिसला म्हणजे आधीचा पेपर पुरता निघालेला नाही. प्रत्येक नंबरनंतर चाक धुवा, पुसून कोरडं करा आणि मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. ओलं चाक नेहमी फसवतं, पाणी चऱ्यांत भरतं आणि सगळं छान दिसतं. खात्री नसेल तर मार्करने आडव्या-तिडव्या रेघा मारा आणि पुढचा पेपर चालवा. जिथे शाई उरते तिथे खळगा आहे किंवा हात पोचलेला नाही. शाई हमखास उरते ती स्पोक जिथे कडेला मिळतो त्या कोपऱ्यात. तिथे ब्लॉक जात नाही, हात अवघडतो, आणि प्रत्येक जण तो कोपरा उरकतो. म्हणून प्रत्येक नंबरला आधी कोपरे करा, मग मोकळा भाग.

नंबर बदलताना बादलीतलं पाणी बदला, ब्लॉक धुवा, चाकावरून भरपूर पाणी ओता. 400 चा एक कण 1500 च्या पेपरखाली आला तर एक लांबलचक ओरखडा काढून जातो. आणि 1500 ला असा खोल चरा दिसला तर 1500 नेच घासत बसू नका. तेवढ्या जागेपुरतं 600 वर परत जा आणि पायऱ्या पुन्हा चढा. मागे जायला जीवावर येतं, पण तोच जवळचा रस्ता आहे. टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके मात्र वेगळे. ते चरे नसून कास्टिंगची छिद्रं असतात. दोन-तीन मिनिटांत गेले नाहीत तर सोडून द्या. हाताने एका चाकाला पूर्ण दिवस सहज लागतो, जाळीदार डिझाइन असेल तर जास्त. घाई असेल तर या आठवड्यात एकच चाक करा, पण पूर्ण करा.

पेपर फिरवायचा नाही अशा जागाही आहेत: टायर बसतो ती आतली धार, हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारी मागची सपाट बाजू, आणि नट बसतात ते उतरते खळगे. या मापाच्या जागा आहेत, शोभेच्या नव्हेत. सुरुवातीलाच त्यांना टेप लावून टाका.

2000 नंतर चाक एकसारखं, मऊ, साटिनसारखं दिसेल आणि त्यात ट्यूबलाइटची धूसर पट्टी उमटेल. इथून बफिंग. हार्डवेअरच्या किंवा बफिंगच्या सामानाच्या दुकानात शिलाई मारलेले कापडी बफ (मशीनवर फिरणाऱ्या कापडाच्या चकत्या) आणि लस्टरच्या, म्हणजे बफला लावायच्या पॉलिशच्या, वड्या मिळतात. अल्युमिनियमसाठी आधी तपकिरी, म्हणजे ट्रिपोली, नंतर पांढरी. हिरवी वडी क्रोमियम ऑक्साइडची, ती मुख्यतः स्टीलसाठी. दुकानदार ‘सगळ्याला चालते’ म्हणाला तरी घेऊ नका. तपकिरीचा बफ वेगळा, पांढरीचा वेगळा, आणि पांढरीसाठी शिलाई नसलेला मोकळा मऊ बफ.

वेगाचा हिशोब महत्त्वाचा आहे. बफिंगवाल्याचा 8 इंची बफ 2800 आरपीएमला (मिनिटाला 2800 फेरे) फिरतो तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे 30 मीटर धावते, आणि या कामाला ते योग्य आहे. घरच्या 4 इंची ग्राइंडरला बफ लावून 11000 आरपीएमला चालवला तर हाच वेग 58 मीटरच्या आसपास जातो. लस्टर जळतं, धातूवर काळे चिकट पट्टे पडतात आणि बफ फाटून तोंडावर येऊ शकतो. वेग कमी-जास्त होणारा ग्राइंडर 4000 च्या खाली ठेवा, किंवा साध्या ड्रिलला 3 ते 4 इंची बफ लावा. ड्रिल हळू चालेल, पण पहिल्यांदा करणाऱ्यासाठी तेच चांगलं. वडी फिरत्या बफला क्षणभर टेकवायची, तेवढीच पुरते. काळा थर साचू लागला म्हणजे लस्टर जास्त झालं. ते फडक्यावर थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन पुसा. ते फडकं मशीनपासून लांब ठेवा, आणि चाक पूर्ण सुकल्याशिवाय बफ पुन्हा सुरू करू नका. आधी बफच्या फिरण्याच्या उलट दिशेने जरा दाबून न्या, यात धातू कापला जातो. शेवटचे हात फिरण्याच्या दिशेने, अगदी हलके. आरसा खुलतो तो या शेवटच्या हलक्या हातांनी. एका जागी रेंगाळू नका. कास्ट धातूवर मऊ बफ फार वेळ फिरला की सिलिकॉनचे कण उठून दिसतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो, मग पुन्हा पेपर.

कडेवर बफ नेहमी असा धरा की तो कडेवरून बाहेर पळेल, कडेत शिरणार नाही. शिरला तर मशीन हातातून हिसकावलं जातं. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं काही नको. डोळ्यांना चष्मा, नाका-तोंडाला चांगला मास्क.

अल्युमिनियमच्या धुळीबद्दल गंभीरपणे सांगतो, कारण याची कल्पना फार कमी जणांना असते. हवेत उडालेली बारीक अल्युमिनियमची धूळ ठिणगीने स्फोट पावते. लोखंडाच्या गंजासोबत ती पेटली तर प्रचंड उष्णता सुटते. म्हणून ज्या ग्राइंडरवर, ज्या टेबलावर लोखंड घासलं जातं तिथे हे काम करू नका, निदान आधी सगळं झाडून-पुसून घ्या. बफचा जमलेला कीस रोज उचला. घासकामाचा ओला काळा गाळ झाकणबंद डब्यात साठवू नका, पाण्याशी क्रिया होऊन त्यात हायड्रोजन जमतो.

आता कुठे ट्यूबमधली पेस्ट. ऑटोसोलसारखी कुठलीही चांगली मेटल पॉलिश चालेल, कामाचा फरक एवढ्याने पडत नाही. जुन्या धुतलेल्या सुती बनियनचा तुकडा घ्या, शिवण कापून टाका, वाटाण्याएवढी पेस्ट, तळहाताएवढा भाग. काळं होईपर्यंत घासा आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ तुकड्याने उचला. शेवटी उरणारा तेलकट पडदा काढायला मूठभर मैदा वापरा. अमेरिकेतले ट्रक पॉलिश करणारेही पीठच वापरतात. कोरडा मैदा भुरभुरायचा आणि मऊ कापडाने हलकेच पुसायचा, तेल आणि काळेपणा दोन्ही शोषले जातात.

रत्नागिरीत राहता म्हणून आता टिकवण्याचं. उघड्या अल्युमिनियमवर काही क्षणांतच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक थर येतो. तो धातूला वाचवतो. पण समुद्राच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड त्या थराला जागोजागी भोकं पाडतं आणि पांढरे ठिपके येतात. ब्रेकमधून उडणारे लोखंडी कण त्यात भर घालतात. मग पुन्हा लॅकर मारावं का? माझं मत स्पष्ट नाही असं आहे. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकर धड पकडत नाही, पहिला दगड लागला की तिथून ओल शिरते आणि लॅकरखाली किड्याने पोखरल्यासारखे पांढरे धागे पसरतात. ते काढायला सगळं लॅकर उतरवावं लागतं. उघडं चाक मात्र तासाभरात परत उजळता येतं. त्यावर चांगलं मेणाचं पॉलिश किंवा धातूसाठीचं सीलंट लावा. कोकणात पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी, एरवी महिन्या-दोन महिन्यांनी. दर आठवड्याला साध्या पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने धुवा, चाक गार असताना, आणि लगेच पुसा. धुलाई केंद्रात गाडी देत असाल तर चाकांना अॅसिडवालं क्लीनर लावू नका असं समोर उभं राहून सांगा, एका फवाऱ्यात आठवड्याची मेहनत जाते. एवढी निगा जमणार नसेल तर आत्ताच ठरवा आणि चांदी रंगाचं पावडर कोटिंग करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही, खाऱ्या हवेत ते वर्षानुवर्षं टिकतं.

टायर परत बसवताना दुकानात उभे राहा. मशीनचे जबडे चाकाच्या कडेला धरतात, त्यांवर प्लॅस्टिकची टोपी आहे ना ते बघा, नसेल तर जाड कापड ठेवायला लावा. बॅलन्सिंगची वजनं ठोकायची नकोत, आतल्या बाजूने चिकटवायची घ्या. नटांच्या खळग्यांतली टेप काढा, तिथे पेस्ट किंवा मेण राहिलेलं नको. नट फुलीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरावीक जोराला, आवळा, आणि 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा.